‘ब’चं पोट

माझ्या धाकट्या लेकीचं, विमलचं, लग्न एकदा ठरून मोडलं आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरून पार पडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार नऊ. लग्नाच्या चौथ्या दिवशी मी उरलेल्या बुंदीचा डबा घेऊन कामावर गेले. सांगलीच्या मार्केट यार्डात बारदानाचं गोदाम होतं. बारदान म्हणजे रिकामी पोती. फाटलेली पोती बायका शिवायच्या आणि मी शिवलेल्या पोत्यांवर मार्का मारायची.

"बुंदी वाळली की गं बना," केरा म्हणाली.

"लग्नात चार वाट्या खाल्लीस तवा न्हाई वाळली लागली?"

"तवा भूक हुती."

केरा माझी तीस वर्षांची मैत्रीण. दाभणात सुतळी ओवून ती पोती शिवायची. तिचा नवरा यार्डातच पत्र्याचं काम करायचा, नरसाळी, मापं, डबे असलं. तो कधीच वारलेला. जीभ तिखट, हात त्याहून चलाख अशी ही बाई. तिनं बुंदीची दुसरी मूठ तोंडात टाकली आणि तेवढ्यात दारातून शाहीन आत आली.

शाहीन मुजावर मिरजेची. वडील टेम्पो चालवायचे. ती आमच्यावर पीएचडी करत होती. "आमच्यावर" हा आमचा शब्द. तिचा विषय असा होता की, मोठेपणी अक्षरं शिकलेली बाई आपला पैसा आणि आपलं घर वेगळ्या तऱ्हेनं चालवते का. तीन वर्षं ती गोदामात येऊन पोत्यावर बसायची, विचारायची, लिहायची. विद्यापीठात मात्र तिचे हाल. शिक्षणशास्त्राचे लोक म्हणायचे, हे समाजशास्त्र झालं. समाजशास्त्राचे म्हणायचे, हे वाणिज्य झालं. वाणिज्यवाले विचारायचे, यात आकडे किती?

"म्हंजे एका नवऱ्यापायी तीन सासरं," असं केरा तिला एकदा म्हणाली होती, तेव्हा ती पोरगी पोट धरून हसली होती.

त्या दिवशी ती हसली नाही. बुंदी घेतली नाही. पोत्याच्या थप्पीवर बसली आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला.

"वाचा, बनाक्का."

मी वाचला. मला वेळ लागायचा, पण वाचता यायचं. प्रबंध तपासायला बाहेरगावच्या एका परीक्षकांकडे गेला होता. त्यांनी लिहिलं होतं की, सांगलीच्या बचत गटातल्या एकोणसाठ बायकांची संमतिपत्रं जोडली आहेत, त्यांपैकी अठ्ठावन्न सह्या एकाच व्यक्तीनं केलेल्या दिसतात. विश्वास ठेवण्याजोगं पत्र एकच, ज्यावर अंगठा आहे. सह्या खोट्या असतील तर मुलाखतीही खोट्या. उमेदवारानं याचा खुलासा व्हायवाच्या वेळी करावा.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सरजा नावाची आमच्यातली तरणी बाई ओरडली, "आमची सही खोटी? आगं, मी सही शिकाय तीन म्हैनं घातल्यात!"

"आन खरी कोण?" केरानं आपला अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला. "ही मी. एकटी. तुमी समद्या बनावट."

गोदाम हसण्यानं भरून गेलं. अंगठा तिचाच होता. गटात अठ्ठावन्न बायका सही करायच्या आणि एकटी केरा अंगठा द्यायची. मी तिला अठरा वर्षं म्हणत होते, ये, बस, शिकवते. ती म्हणायची, माझा अंगठा कुणी चोरून न्हेत न्हाई.

हसलो नाही ते आम्ही दोघीच, मी आणि शाहीन.

"कधी हाय तुझी परीक्षा?" मी विचारलं.

"परवा. पदवी मिळाली नाही तर मिळाली नाही, आक्का. पण पोरीनं बायकांच्या खोट्या सह्या केल्या असं नाव लागलं, तर पुढं कुठंच उभं राहता येणार नाही." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सांगेन, सगळ्या एका ठिकाणी शिकल्यात म्हणून अक्षर सारखं आहे."

"तेवढ्यानं भागंल?"

"बघू."

"आन न्हाई भागलं तर?"

"मी तुम्हाला शब्द दिलाय, आक्का," ती हळूच म्हणाली आणि उठली.

कोणता शब्द, ते आता सांगते.

मी शाळेत गेले नाही. चाळिशीपर्यंत मला एक अक्षर येत नव्हतं. माझं काम मार्का मारायचं. पत्र्याचा तुकडा असतो, त्यात अक्षरं कापलेली असतात. तो पत्रा पोत्यावर दाबून धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, की पोत्यावर नाव उमटतं. दहा वर्षं मी अशी हजारो नावं उमटवली, एकही वाचता न येता. मग एक दिवस दिवाणजींना विचारलं, "हे काय लिवलंय?" ते म्हणाले, "सांगली बाजार." मी म्हणाले, "यातला बा कुठला?" त्यांनी बोट ठेवलं. तिथून सुरू झालं. रोज दोन अक्षरं. वर्षभरात मी पत्र्यांवरूनच वाचायला शिकले, आणि पत्र्यातल्या अक्षरांसारखंच लिहायला.

मग बायकांना शिकवलं. सुट्टी झाली की गोदामाच्या मागं बसायचो. पाटी नाही, पुस्तक नाही. जुने पत्रे घ्यायचे, रद्दीवर ठेवायचे आणि हळदीच्या पाण्यात बोट बुडवून अक्षर गिरवायचं. अठरा वर्षांत सत्तावन्न बायका शिकल्या, मला धरून सही करणाऱ्या अठ्ठावन्न. बँकेत खातं काढताना साहेबानं अंगठ्याचं पॅड पुढं केलं, ते सरजानं मागं ढकललं, तो दिवस आम्ही सणासारखा साजरा केला होता.

आता शब्दाचं. शाहीन यायला लागायच्या आदल्या वर्षी माझी नात सोनल पहिलीत गेली. मी हौसेनं तिच्या वहीवर तिचं नाव लिहिलं. संध्याकाळी वही परत आली ती प्रत्येक अक्षरावर लाल गोल घेऊन. सोनल म्हणाली, "आज्जी, बाईंनी सांगितलंय, अक्षर तोडायचं नसतं, जोडून काढायचं."

मी तिचं पुस्तक उघडून बघितलं. मग वर्तमानपत्र. मग दुकानाची पाटी. सगळीकडे अक्षर सलग होतं. माझ्या अक्षरांत फटी होत्या. ब चा गोल दोन ठिकाणी तुटलेला, व चा तुटलेला, क चे दोन्ही गोल तुटलेले. वरची रेघ अक्षराला चिकटायचीच नाही, मधे दोऱ्याएवढी जागा. पत्र्यात जशी होती तशी. वर्तमानपत्र मी आधीही वाचत होते, पण छापील वेगळं आणि हाताचं वेगळं, अशी माझी समजूत. पत्र्यात फट का असते हे मी कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटलं, अक्षर असंच असतं.

म्हणजे मी सत्तावन्न बायकांना चुकीचं शिकवलं होतं.

मी कुणाला बोलले नाही. बायका मला मास्तरीण म्हणायच्या. शाहीनच्या ध्यानात मात्र पहिल्याच महिन्यात आलं. तिनं विचारलं, मी सांगितलं आणि तिचा हात धरून म्हणाले, "सगळं लिही, एवढं लिवू नकोस." ती म्हणाली, "नाही लिहिणार." आणि तिनं लिहिलं नाही. एवढ्या जाड प्रबंधात माझ्याबद्दल एकच ओळ होती, की गटातील एका सदस्येनं इतरांना अक्षरओळख करून दिली.

विद्यापीठ एसटीनं दीड तासावर. शाहीननं बोलावलं नव्हतं, पण व्हायवाला कुणीही जाऊ शकतं असं सरजा कुठून तरी ऐकून आली आणि आम्ही अकराजणी खाडा करून निघालो. केराही. निघताना मी भिंतीवरचा "सांगली बाजार"चा पत्रा काढून पिशवीत टाकला. काढायचाच असं ठरवलं नव्हतं. पण टाकला.

वाटेत सरजानं विचारलं, "परीक्षा घेणारं कोण हाय?"

"डॉक्टर मंत्री म्हणून हायत," मी म्हणाले.

"मंत्री येणार?" सरजा सावरून बसली. "मग आपल्या रस्त्याचं सांगाय पायजे."

"आडनाव हाय गं त्येंचं."

पण ते तिला पटलं नसावं. हॉलमध्ये एक बारीक, पिकल्या केसांचे गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले, तशी ती माझ्या कानात म्हणाली, "ह्येची गाडी कुठाय?"

शाहीननं आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. आनंद झाला की भीती वाटली, कळलं नाही. ती उभी राहून बोलायला लागली. तिच्या मार्गदर्शक इनामदार मॅडम बाजूला बसल्या होत्या. पडद्यावर रकाने दिसत होते. त्यातलं एक मला अजून आठवतं. ती म्हणाली, सही शिकलेली बाई जास्त पैसा साठवते असं आढळलं नाही. पण ती पैसे काढायला एकटी जाते. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटांत अंगठा देणारीबरोबर कुणीतरी असतं, नवरा, मुलगा, दीर. सही करणारीच्या मागं कुणी उभं नसतं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हे खरं होतं आणि आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

"मी तर अंगठा घिऊनबी एकटीच जातो," केरा पुटपुटली.

मंत्री सरांनी मान हलवली. "हे चांगलं आहे, मुजावर. फार चांगलं आहे. म्हणूनच मला जास्त वाईट वाटतंय." त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. "शिकवायला यायच्या आधी मी बारा वर्षं बँकेत होतो. सह्या जुळवणं हेच काम. या अठ्ठावन्न सह्या कुणाच्या?"

"त्या त्या बायकांच्या, सर. सगळ्या एकाच ठिकाणी शिकल्या."

"एका वर्गात शिकलेल्या मुलांचं अक्षर सारखं येतं? माझं तर मलाच लागत नव्हतं." हॉलमध्ये थोडं हसू झालं. ते हसले नाहीत. "इथं प्रत्येक अक्षर ठरावीक जागी तुटलेलं आहे. प्रत्येक. असं अक्षर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, आणि ते अठ्ठावन्न जणींचं आहे म्हणता. याचं कारण प्रबंधात कुठं आहे?"

"प्रबंधात नाही, सर."

"मग तोंडी सांगा."

शाहीननं माझ्याकडे बघितलं. लगेच नजर खाली घातली.

"सांगता येणार नाही, सर."

इनामदार मॅडमनी कपाळाला हात लावला. मंत्री सरांनी पेनाचं टोपण काढलं.

मी उभी राहिले. साठीला आलेली बाई, पण पहिल्या दिवशी शाळेत गेल्यासारखी.

"कारण मी हाय, सायेब," मी म्हणाले.

त्यांनी टोपण पुन्हा लावलं. "आपण?"

"बनाबाई ऐवळे. ह्या समद्यांस्नी मी शिकवलं. आन चुकीचं शिकवलं." पिशवीतून पत्रा काढून मी टेबलावर ठेवला. "मी ह्या पत्र्यावरनं शिकले. ह्यात फटी हायत. मला वाटलं अक्षराला फट असतीच. पोरीला ठावं हुतं. मीच लिवू नको म्हणाले. लाज वाटली. पोरीची चूक न्हाई."

मी मागं वळून बघायचं धाडस केलं नाही. पण मागून सरजाचा आवाज आला.

"बनाक्का, म्हंजे आमी समद्या चुकीचं लिवतोय?"

"व्हय बाई."

"आन तुला ठावं हुतं?"

"चार वरसं झाली."

मंत्री सरांनी फळ्याकडे हात केला. "आलेल्या सगळ्यांनी एकेक करून सही कराल?"

सरजा पहिली उठली. रागातच उठली. खडू घेतला आणि फळाभर सही केली. मग कमल, मग बाकीच्या, शेवटी मी. दहाजणींच्या दहा सह्या. कुणाचं अक्षर उताणं, कुणाचं वाकडं, कुणाचं भाकरीएवढं. हात वेगळे ते लांबूनही कळत होतं. पण फटी जिथल्या तिथं.

सर फळ्याजवळ गेले. पत्रा उचलून एकेका अक्षराशेजारी धरून बघितला.

"हे पटलं," ते म्हणाले. "पण मला एक सांगा, पत्र्यात तरी ही फट कशाला?"

चार वर्षं मी फटीची लाज बाळगली होती, पण फट का असते हे तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतं.

"मी सांगतो," केरा म्हणाली.

ती उठून पुढं गेली. सरांच्या हातातला पत्रा तिनं काढून घेतला आणि बोट ठेवलं.

"हा ब हाय न्हवं? ह्येचा गोल पुरा कापला, तर मधलं पोट गळून खाली पडतंय. मग पोत्यावर ब उमटत न्हाई, नुसता काळा ठिपका उमटतोय. म्हणून हितं आन हितं पत्रा सोडायचा, पोट धरून ठिवायला. आमचं मालक कापायचं ह्ये पत्रं. हा त्येंनीच कापलाय. रोज रात्री जेवताना बोलून दावायचं, आज व चं पोट सांभाळलं, आज क ची दोन्ही सांभाळली."

हॉलमधले सगळे तिच्याकडे बघत होते. मीही. मी पत्र्याकडे बघतच नव्हते.

"म्हणजे तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं की फट अक्षराची नाही?" सरांनी विचारलं.

"व्हय."

"आणि आपण केराबाई. अंगठा आपला."

"माझाच. तेवढाच खरा म्हणून तुमीच लिवलंय."

आता सर हसले. टोपण काढून त्यांनी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मग शाहीनला म्हणाले, "मुजावर, एका बाईनं पत्र्यावरून वाचायला शिकून सत्तावन्न बायकांना सही शिकवली, आणि तुमच्या प्रबंधात ते एका ओळीत आहे. दोष असलाच तर तो एवढाच. परिशिष्ट जोडा. या पत्र्याचा फोटो, आणि या दोघींनी सांगितलं ते, त्यांच्या शब्दांत. त्या अटीवर मी पदवीची शिफारस करतो." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आणि बनाबाई, आता सह्या सुधारून घ्या हवं तर."

"सुधारून?" सरजा म्हणाली. "फट मिटवली तर बँकवाला सही जुळत न्हाई म्हनंल की! न्हाई सायेब. आमची हाय ती ऱ्हाऊ द्या."

इनामदार मॅडमनी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. शाहीन फळ्यासमोर उभी राहून रडत होती. सरजा माझ्याजवळ आली. मला वाटलं, बोलणार आता. तिनं पदरानं माझ्या हाताला लागलेला पत्र्याचा काळा रंग पुसला.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "भूक लागली. मंत्र्यानं तर चहाबी पाजला न्हाई."

बाहेर येऊन शाहीननं सगळ्यांना वडापाव दिला. केरा कठड्यावर एकटी बसली होती. मी शेजारी बसले.

"अठरा वरसं बोलली न्हाईस?"

"कवा बोलू?" ती म्हणाली. "पयल्यांदा आपलं नाव लिवलंस आन मला दावाय पळत आलीस. कोपरापातूर काळा रंग. तवा बोलू? मग पाच बाया झाल्या, मग पन्नास झाल्या. तवा बोलू?"

"मग तू शिकली का न्हाईस?"

तिनं वडापावचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"शिकले असते तर फट ठिवायची का मिटवायची? मिटवली तर तू उघडी पडली असतीस. ठिवली तर मालक म्हणालं असतं, रोज जेवताना सांगत हुतो, ही बाई ऐकतच न्हवती." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आता समद्यांस्नी कळलंय. आता शिकव."

"फटीसकट?"

"मग! येवढी मेहनत करून कापल्यात त्येंनी."

दुसऱ्या दिवसापासून ती गोदामामागं बसायला लागली. सही करणारी एकोणसाठावी. क चे दोन गोल तिला फार छळायचे. दिवाळीच्या आधी तिनं बँकेत जाऊन अंगठ्याच्या जागी सही नोंदवली. साहेबानं चष्मा वर करून विचारलं, "आजी, अक्षर तुटलंय का?" ती म्हणाली, "तुटलं न्हाई. पोट धरलंय."

शाहीन आता पुण्यात शिकवते. प्रबंधाची बांधलेली एक प्रत तिनं मला दिली, ती माझ्या कपाटात आहे. परिशिष्ट सातमध्ये पत्र्याचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, कापणारा दगडू वाघमारे, वाचणारी बनाबाई ऐवळे.

बँकेतून पैसे काढायची शेवटची स्लिप केरानं दोन हजार बावीसच्या पौषात भरली. मी बरोबर जाते म्हणाले तर मला दाराशीच थांबवलं आणि एकटी आत गेली. सही पहिल्याच झटक्यात जुळली.

केराबाई दगडू वाघमारे त्याच वर्षी माघात वारली.